टॅब पालथा ठेवा आणि मुलाला विचारा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं शाळेतल्या टॅबबद्दल आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर टाकले. जिल्हा परिषदेच्या शाळांत मी ३४ वर्षं शिकवलं, करवीर आणि पन्हाळा तालुक्यांत. शेवटची सहा वर्षं माझ्या वर्गात टॅब होते, गावाने लोकवर्गणी काढून घेतलेले. त्यामुळे खाली जे लिहिते आहे, त्यातलं बरंचसं माझ्या हाताखालून गेलेलं आहे.

बाई, मुलगा जूनमध्ये पाचवीत जाईल. त्याच्या खासगी शाळेने कळवलंय की यंदापासून टॅब सक्तीचा. शाळेमार्फतच घ्यायचा, ॲपसकट २४ हजार रुपये. निम्मी पुस्तकं टॅबवरच असणार, छापील मिळणार नाहीत. माझं लक्ष्मीपुरीत छोटं दुकान आहे. हप्त्यावर घेता येईल, पण मन धजत नाही. नाही घेतला तर पोरगं वर्गात एकटं पडेल, असंही वाटतं. काय करू? — एक पालक, कोल्हापूर

तुमची घालमेल मला कळते. जून आला की गणवेश, वह्या, दप्तर, रिक्षाचे पैसे सगळं एकदम अंगावर येतं, त्यात हे २४ हजार. हप्त्याच्या कागदावर सही करायची घाई करू नका. शाळेत एकटे जाऊ नका, वर्गातले पाच-सहा पालक मिळून जा. खासगी शाळांच्या शुल्काबद्दल महाराष्ट्रात २०११ चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावी लागते. तुमच्या शाळेच्या समितीवर कोण आहे ते विचारून घ्या आणि हा विषय त्यांच्याकडे लेखी द्या. भांडायला जायचं नाही, समजून घ्यायला जायचं.

काय समजून घ्यायचं? रोज किती मिनिटं टॅब उघडणार आणि कोणत्या विषयाला. घरात आधीचा टॅब असेल तर तो चालेल का. काच फुटली तर दुरुस्ती कुणाची, आणि ती होईपर्यंत मुलाने वर्गात काय करायचं. हाच टॅब सातवीपर्यंत पुरणार की नवा घ्यायला लागणार. आणि ॲपमध्ये मुलाचं नाव, जन्मतारीख, फोटो, त्याचं काय काय चुकलं याची नोंद राहते, ती कुठं जाते. हा शेवटचा प्रश्न विचारताना संकोच करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि मुलाची माहिती वापरायची तर पालकांची खातरजमा केलेली संमती हवी, असं म्हटलं आहे. शाळेने हे सगळं आधीच ठरवलेलं असेल तर उत्तरं लगेच मिळतील. "ते सगळं कंपनीची माणसं बघतात" असं ऐकू आलं तर मात्र तिथंच थांबा.

आता निम्म्या पुस्तकांचं. छापील पुस्तक काढून घ्यायला माझा ठाम विरोध आहे. पाचवीतलं मूल कसं वाचतं ते जवळ बसून बघा. ओळीखाली बोट असतं. उत्तर शोधताना ते म्हणतं, "डाव्या पानावर, खाली, ढगाच्या चित्राच्या शेजारी होतं ते." मजकूर त्याला जागेसकट आठवत असतो. पडद्यावर मजकूर वर सरकत जातो आणि ती जागाच हरवते. माझं हे निरीक्षण एका गावच्या शाळेतलं आहे, पण याचा मोठा अभ्यासही झालेला आहे. २००० ते २०१७ या काळातल्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १ लाख ७० हजारांहून जास्त वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो आणि वेळेचं बंधन असलं की हा फरक वाढतो, असं त्यात निघालं. गोष्टींच्या बाबतीत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे गोष्टीचं पुस्तक टॅबवर वाचलं तर बिघडत नाही, विज्ञानाचा आणि इतिहासाचा धडा मात्र हातातल्या पुस्तकात हवा. शाळांत टॅब लवकर आणणाऱ्या स्वीडनने २०२३ मध्ये छापील पुस्तकांसाठी मुद्दाम सरकारी पैसे बाजूला काढले, ते याच काळजीपोटी.

म्हणून शाळेला सांगा की टॅब असू दे, पण पुस्तकंही द्या. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट मिळतात, त्यामुळे तीच पुस्तकं असतील तर निदान त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

डोळ्यांचं तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणार. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं उघड्यावर खेळण्याचा जादा तास ठेवला. तीन वर्षांनी जादा तास असलेल्या शाळांत ३० टक्के मुलांना लांबचं कमी दिसू लागलं होतं, बाकीच्या शाळांत हेच प्रमाण ३९ टक्क्यांच्या वर होतं. कोल्हापुरात पोराला फुटबॉल वेगळा शिकवावा लागत नाही. शाळा टॅबसाठी मैदानाचा तास कापणार असेल, तर त्याला मात्र सगळ्यांनी मिळून हरकत घ्या.

एकटं पडायची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. म्हणून तर पाच-सहा पालक मिळून जा म्हटलं. पाच-सहा घरांचं एकच म्हणणं असलं की कुणाचंच मूल एकटं राहत नाही.

नमस्कार बाई. शाहूवाडी तालुक्यात दोन शिक्षकी शाळेवर आहे. तिसरी-चौथी माझ्याकडे, पट २४. मुंबईत कामाला असलेल्या गावातल्या माजी विद्यार्थ्यांनी मिळून ८ टॅब दिलेत. तिघांत एक दिला की ओढाओढी होते, एक चालवतो, दोघं बघत बसतात. कुणी फोटो काढतं, कुणी गाणी लावतं. रेंज खिडकीपाशी येते, तीही कधीमधी. साहेब भेटीला आले की टॅब वापरात दिसले पाहिजेत, म्हणून काढते. खरं सांगायचं तर मला त्यांचा धाक वाटायला लागलाय. — एक शिक्षिका

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वर्षी माझ्या वर्गातही हेच चाललं होतं. मुलांचं चुकत नाही आणि तुमचंही चुकत नाही. सुरुवात टॅबपासून झाली, म्हणून हे झालं. सुरुवात मुलापासून करायला हवी.

जून महिन्यात टॅब कपाटातच राहू द्या. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला कागदाच्या चिठ्ठीवर पाच उदाहरणं द्या. त्यात एक वजाबाकी अशी हवी: ५०२ वजा १८७. उत्तर ३१५. पण चुकलेली उत्तरं बघा, खरा खजिना त्यांत असतो. एक मूल लिहितं ४८५. त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं आहे, पाचातून एक, आठातून शून्य, सातातून दोन. वर काय आणि खाली काय, याच्याशी त्याला देणंघेणंच नाही. दुसरं मूल लिहितं ४२५. त्याला हातचा घ्यायचा असतो हे ठाऊक आहे, बारातून सात पाच, दहातून आठ दोन, सगळं बरोबर, पण दशक कुठून आला आणि शतक सुटा केल्यावर तिथं किती उरले हे त्याने मांडलंच नाही. टॅबवरचं ॲप दोघांनाही लाल फुली दाखवतं आणि पुढचं उदाहरण देतं. पहिल्याला काड्यांचे गठ्ठे हातात द्यायला हवेत, "दोन काड्यांतून सात काढून दाखव" म्हणायला हवं. दुसऱ्याला शंभराची नोट मोडून दहाच्या दहा घ्यायला लावायच्या. चूक सारखीच दिसते, औषध वेगळं. हे तुम्हाला कळतं, टॅबला कळत नाही. निदान मी वापरलेल्या टॅबना कळत नव्हतं.

काही ॲप याहून शहाणी असतात. दिल्लीत २०१५ मध्ये सहावी ते नववीच्या ६१९ मुलांवर एक प्रयोग झाला. शाळा सुटल्यावर मुलं केंद्रावर यायची. संगणकावरचा कार्यक्रम आधी मुलाची पातळी तपासायचा आणि मूल सातवीत असलं तरी त्याला चौथीचं येत असेल, तर चौथीपासून सुरू करायचा. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती बाकीच्या मुलांच्या सुमारे दुप्पट झाली. पण त्या केंद्रांवर दीड तासातला निम्मा वेळच संगणक होता. उरलेली ४५ मिनिटं शिक्षक बारा-पंधरा मुलांना घेऊन शिकवायचे. याउलट पेरू देशात खेड्यांतल्या शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला, आणि भाषा-गणितात काही फरक पडल्याचं दिसलं नाही. यंत्र हातात आलं होतं, शिकवणं होतं तसंच राहिलं होतं. या दोन गोष्टी मी माझ्या भागातल्या शाळांच्या केंद्रातल्या प्रत्येक शिक्षण परिषदेत सांगत असे.

आता तुमचे ८ टॅब. एका वेळी चारच काढा. चार टॅब, आठ मुलं, दोघांत एक. उरलेली सोळा मुलं तुमच्यासमोर, पाटी किंवा पुस्तक घेऊन. वीस-पंचवीस मिनिटं झाली की गट बदला. जोडीतल्या एकाच्या हाताशी टॅब आणि दुसऱ्याच्या हातात वही. वहीवाल्याने उत्तर लिहिल्याशिवाय टॅबवाल्याने बोट लावायचं नाही. निम्म्या वेळानंतर अदलाबदल. हा एकच नियम मी फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहून ठेवला होता. ओढाओढी थांबते, कारण दोघांनाही काम असतं. शिवाय मुलं बोलायला लागतात, "असं कसं, दाखव की मला." त्या बोलण्यात जेवढं गणित होतं तेवढं माझ्या फळ्यावर कधी झालं नाही. उरलेले चार टॅब चार्ज होत राहतील, एखादा बिघडला तर हाताशी असतील. आठवड्यातून दोनच दिवस ठेवा. रोज काढले की त्यांची नवलाई जाते आणि तुमची दमछाक होते.

एका मुलीची गोष्ट सांगते, कारण टॅबबद्दल जे काही मला समजलं ते तिच्यामुळे. पाचवीतली मुलगी, हुशार, घरी दोन म्हशी. रोज सकाळी किटली घेऊन दूध संस्थेत दूध घालून मग शाळेत यायची. टॅबवर अपूर्णांकांचा खेळ होता. दोन अपूर्णांक दिसायचे, मोठा कुठला त्यावर बोट लावायचं. बरोबर आलं की तारा. ही मुलगी भराभर तारे जमवायची. "बाई, तीस तारं झालं!" मी खूश. एकदा सहज तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "तीन छेद चार आणि दोन छेद तीन, यात तीन छेद चारच का मोठा?" ती म्हणाली, "तीन मोठा न्हवं का दोनापरीस?" मग मी तीन छेद आठ आणि दोन छेद तीन विचारलं. पुन्हा तीनवालाच मोठा. टॅबवर हे कधी उघडं पडलं नव्हतं, कारण तिथं दोनच पर्याय होते. एकावर फुली आली की ती दुसऱ्यावर बोट लावायची आणि तारा मिळायचाच.

मी टॅब पालथा ठेवायला लावला. म्हटलं, "काल संध्याकाळी म्हशीनं किती दूध दिलं?" "पावणेतीन लिटर." "पावणेतीन म्हणजे?" "तीनाला पाव कमी." "मग पाऊण लिटर म्हणजे?" "लिटराला पाव कमी." हे सगळं तिला पहिलीपासून येत होतं, किटली धरून धरून. फक्त पाऊण म्हणजेच तीन छेद चार, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. टॅबवर पिझ्झाचे तुकडे यायचे, आणि पिझ्झा तिने कधी पाहिला नव्हता. मग आम्ही दोन सारख्या, सरळ उभ्या बाटल्या घेतल्या. बाटलीच्या उंचीएवढ्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या, एकीच्या घडी घालून चार सारख्या भागांच्या खुणा केल्या, दुसरीच्या तीन भागांच्या, आणि बाटल्यांना चिकटवल्या. एकीत तीन खुणांपर्यंत पाणी, दुसरीत दोन खुणांपर्यंत. बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. तिने खाली बसून डोळा पाण्याच्या रेषेत आणला, बोट आडवं लावलं आणि म्हणाली, "बोटभरच जास्त हाय बाई." त्यानंतर तिच्या वहीत प्रत्येक उत्तरापुढे 'का' लिहिलेलं असायचं. तारे कमी झाले, पण जे आले ते तिचे होते.

त्या दिवसापासून माझ्या वर्गात प्रत्येक टॅब-तासाची शेवटची पाच मिनिटं टॅब पालथे असत. मी कुठल्याही एका मुलाला विचारायची, "आत्ता काय केलंस ते टॅब न उघडता सांग." सांगता आलं तर तास झाला. नाही आलं तर दुसऱ्या दिवशी तेच, पाटीवर. ताई, एवढं एक जरी केलंत तरी तुमचा धाक निघून जाईल.

रेंजची काळजी करू नका. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे पाठ एकदा उतरवून घेतले की विनारेंज चालतात. तालुक्याला बैठकीला जाल तेव्हा दोन टॅब बरोबर न्या आणि तिथं उतरवून घ्या. पण ज्याला रेंज मुळीच लागत नाही असा टॅबचा एक उपयोग आहे, आणि माझ्या मते भाषेसाठी तोच सगळ्यात मोलाचा आहे. आवाज रेकॉर्ड करा. प्रत्येक मुलाने महिन्यातून एकदा, एक मिनिट, न पाहिलेला उतारा वाचायचा आणि टॅबमध्ये साठवायचा. आधी नाव आणि तारीख बोलायची. ऊस तोडायला आलेल्या कुटुंबातला एक मुलगा दिवाळीनंतर माझ्या वर्गात आला. अक्षर-अक्षर लावून वाचायचा आणि वर्गात मोठ्याने वाच म्हटलं की घसा धरायचा. त्याला टॅब घेऊन व्हरांड्यात एकट्याला बसवलं. स्वतःचं वाचन ऐकल्यावर तो स्वतःच म्हणाला, "मी मधीच लई थांबतो." पुन्हा वाचलं, पुन्हा ऐकलं. मी सांगितलं नव्हतं तरी चार वेळा. मार्चअखेर कुटुंब परत निघालं त्या दिवशी त्याला नोव्हेंबरचं आणि मार्चचं वाचन लागोपाठ ऐकवलं. त्याच्या आईलाही ऐकवलं. ती दारातच उभी राहून ऐकत होती, तिने ते परत लावायला सांगितलं.

साहेबांचं म्हणाल तर त्यांच्यासमोर टॅब काढूच नका. चिठ्ठ्या दाखवा, जूनची आणि सप्टेंबरची, एकाच मुलाची. नंतर ते रेकॉर्डिंग ऐकवा. अधिकारी झाले तरी त्यातले बरेच जण मुळातले शिक्षकच असतात, त्यांना ते कळतं.

शिरोळ तालुक्यात मुख्याध्यापक आहे. पाच वर्षांपूर्वी मिळालेल्या २० टॅबपैकी ९ चालू आहेत. गेल्या वर्षी उन्हाळी सुट्टीनंतर कपाट उघडलं तर दोन टॅबची पाठ फुगलेली. यंदा सुट्टीत काय खबरदारी घ्यावी? — एक मुख्याध्यापक

सर, फुगलेले टॅब अजून शाळेत असतील तर आधी ते वर्गाबाहेर काढा. आतली बॅटरी फुगली आहे. ते चार्जिंगला लावायचे नाहीत, दाबायचे नाहीत, उघडायचे नाहीत, आणि मुलांच्या हाती तर अजिबात लागू द्यायचे नाहीत. बॅटरी फुटली तर पेट घेते. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, पेटणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्या.

बाकीच्यांसाठी: सुट्टी लागण्याआधी टॅब पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे करून ठेवू नका, निम्म्या चार्जवर बंद करा. पत्र्याचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर हलवा, मे महिन्यात ते तव्यासारखं तापतं. महिन्यातून एकदा कुणीतरी शाळेत जाऊन पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज करावेत, आणि तेवढा वेळ माणूस तिथंच बसलेला हवा. एकावर एक रचून चार्ज करायचे नाहीत. ९ चालू टॅबना नंबर घाला आणि प्रत्येकाची एक पानाची नोंद ठेवा, कधी पडला, काय बदललं. जुन्या टॅबवर नवी ॲप चालत नाहीत म्हणून ते टाकून देऊ नका. फोटो, आवाज, साठवलेले व्हिडिओ यांना ते पुरतात.

आणि तुम्ही शिरोळचे, तुम्हाला पुराचं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या शाळेत खिडकीच्या वर पाणी होतं. वाचनालयाची पुस्तकं लगदा झाली, मुलांच्या चिठ्ठ्यांची माझी सगळी फाईल गेली. टॅब तेवढे वाचले, कारण पाणी ओढ्याच्या पुलाला लागल्याबरोबर एका पालकाने ते खताच्या पिशवीत बांधून मोटरसायकलवरून उंचावरच्या वस्तीत नेले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं की कपाटाची किल्ली कुणाकडे आणि सामान कुणाच्या घरी जाणार. हजेरी, दाखल्यांचं रजिस्टर, मुलांच्या कामाच्या फाईली सगळ्यांचे टॅबवर फोटो काढून ठेवले होते. तेवढं काम या मे महिन्यात करून टाका.

बाई, मी जूनमध्ये सातवीत जाणार. आमचं गाव गगनबावडा तालुक्यात आहे. आमच्या शाळेत टॅब नाहीत. एक कॉम्प्युटर आहे, पण तो सुरू होत नाही. माझ्या मामाची मुलगी शहरात शिकते, तिच्या शाळेत सगळ्यांना टॅब आहेत. ती म्हणते तुम्ही मागे पडणार. खरं आहे का? — एक विद्यार्थिनी

बाळ, तुझं अक्षर सुंदर आहे आणि प्रश्न तू नेमका विचारला आहेस, म्हणून तुला नेमकंच उत्तर देते. टॅब चालवायला शिकायला तुला आठ दिवस पुरतील. धडा वाचून समजणं, चार ओळींत स्वतःचं म्हणणं मांडणं, आकड्यांवरून काहीतरी ओळखणं, याला वर्षं लागतात, आणि त्यासाठी तुझ्या शाळेत जे लागतं ते आहे. तरी नसण्याने काहीच बिघडत नाही, असं मी तुला खोटं सांगणार नाही. मराठी टाईप करणं, हवी ती माहिती शोधणं, आकड्यांचा तक्ता करून आलेख काढणं हे यायला हवं. म्हणून दोन कामं कर. तो बंद कॉम्प्युटर दुरुस्त करून मिळावा असा अर्ज तुम्ही मुलामुलींनी मिळून शाळा व्यवस्थापन समितीला लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या करा. काय काय शिकायचं आहे ते त्यात लिहा, नुसतं "दुरुस्त करा" नको.

दुसरं काम पावसाचं. तुझ्या तालुक्यात आपल्या जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडतो, तो तू मोज. दोन लिटरची सरळ उभी प्लॅस्टिकची बाटली घे. वरचा निमुळता भाग मोठ्या माणसाकडून कापून घे आणि तोच उलटा करून नसराळ्यासारखा बाटलीत बसव. बाटलीचा तळ खडबडीत असतो, म्हणून आत थोडे खडे टाकून ते बुडेपर्यंत पाणी घाल आणि तिथं शून्याची खूण कर. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटव. बाटली उघड्यावर ठेव, झाडाखाली नको, पागोळ्यांखाली नको, आणि वाऱ्याने पडू नये म्हणून विटांमध्ये रोव. रोज सकाळी साडेआठला बघायचं, हवामान खात्याची वेळही तीच आहे. आकडा लिहायचा, पाणी शून्याच्या खुणेपर्यंत ओतून टाकायचं. तुमच्याकडे जुलैत एका दिवसात बाटली भरू शकते, तेव्हा संध्याकाळीही एकदा बघ, आकडा लिहून पाणी तसंच ओतून टाक आणि दुसऱ्या सकाळच्या आकड्यात तो मिळव.

मामाच्या मुलीलाही असंच करायला सांग. तिच्याकडे टॅब आहे, तर दोन्ही गावांचा आलेख तिने काढावा, पण त्याआधी आठवड्याची बेरीज आणि सरासरी तू वहीत काढून तिला कळवायची. कुठल्या दिवशी तुमच्याकडे धो धो पडला आणि शहरात थेंब नाही, ते दोघींनी शोधा, आणि असं का झालं असेल ते नकाशा समोर ठेवून ठरवा, सह्याद्री कुठं आहे ते त्यात बघा. वहीच्या पहिल्या पानावर बाटलीचं चित्र काढ, मापं घाल, सुरुवातीची तारीख लिही. जून संपला की दोघींचे आकडे मला पोस्टाने पाठव.